उजवं पान

लोहारा,
२० जानेवारी २०२५

प्रिय अक्का,

धाकट्या बहिणीचा सप्रेम जयभीम.

मी इकडं बरी आहे. थंडीनं गुडघा धरतो, पण वर्गात उभी राहिले की सुटतो. दाजींच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे गौरीकडून कळलं. तुमच्याकडं हुरडा सुरू झाला असेल. आमच्या शेजारच्या बाईंनी परवा वाटीभर दिला, पण त्याला तुझ्या हातच्या तिळाच्या चटणीची सर नाही.

पत्र बघून दचकली असशील. आठ वर्षांत तू माझा फोन उचलला नाहीस. व्हॉट्सअ‍ॅपवर मी लिहिते ते तुझी सून गौरी तुला वाचून दाखवते आणि तुझा निरोप मला धाडते: 'आई म्हणतात, मावशींना म्हणावं दगदग करू नका.' पण हे पत्र कुणी वाचून दाखवावं असं मला वाटत नाही. तुला अक्षर येतं. तुझं तू वाच.

एक काम आहे तुझ्याकडं. लहानसंच.

बारावीच्या मराठीत प्रकल्पाची एक वही असते. तिचे गुण आम्हा शिक्षकांच्या हातात. चालत आलेली रीत अशी की गेल्या सालच्या वह्या या सालची पोरं उतरवतात, पुठ्ठा नवा घालतात आणि आम्ही न वाचता सह्या ठोकतो. मागं मला एका वहीत चार वर्षांपूर्वी पास झालेल्या पोराचं नावसुद्धा जसंच्या तसं उतरवलेलं सापडलं. मी ती वही वर्गात उंच धरली आणि म्हणाले, 'अरे, ज्याला दुसऱ्याचं नाव आपलं वाटतं, त्याला उद्या दुसऱ्याचं मतही आपलंच वाटेल!' पोरं हसली. पण त्या दिवसापासून मी गाइड आणि जुन्या वह्या बंद केल्या. नवा नियम केला. डाव्या पानावर धडा वाचून काय वाटलं ते, उजव्या पानावर तसंच आपण काय भोगलं, काय पाहिलं ते. सुरुवातीला उजवी पानं कोरी यायची. दिवाळीनंतर भरायला लागली. अक्का, तीस वर्षांचं माझं वाचन एका पारड्यात आणि ती उजवी पानं दुसऱ्या पारड्यात टाकली तर काटा कुठं झुकेल ते मला ठाऊक आहे.

वर्गात शिवकन्या नावाची मुलगी आहे. इथून जवळच्या वाडीतली. वडील वीरप्पा, शेतकरी. एका धड्यात सासरी अबोला धरणारी सून आहे. मी म्हणाले, उजव्या पानावर तुम्ही पाहिलेला अबोला लिहा. तिनं लिहिलं:

'माझी आई आणि बाबा चार वर्षांपासून एकमेकांशी बोलत नाहीत. कशावरून बिनसलं ते मला माहीत नाही. मध्ये मी असते. आई म्हणते, त्यांना म्हणावं गिळा. मी बाहेर जाऊन म्हणते, आई म्हणते गरम हाय तवर जेवून घ्या. बाबा म्हणतात, मीठ लई झालंय, हात जळाले का तिचे. मी आत येऊन म्हणते, बाबा म्हणतात आमटी झकास झाली, मीठ तेवढं बेतानं टाक. चार वर्षांत मी घरात एकही भांडण होऊ दिलं नाही. पण बाबा हसतात तेव्हा मला भीती वाटते. कारण ज्या बाईवर ते हसतात, ती मी बनवलेली आहे.'

सतरा वर्षांची पोर!

तीन जानेवारीला आमचं स्नेहसंमेलन होतं. पाहुणे दोन तास आले नाहीत. मांडवात पालक चुळबुळायला लागले, मागून शिट्ट्या सुरू झाल्या. प्राचार्यांनी माझ्या हातात माईक दिला. 'मॅडम, आता तुमीच सांभाळा.' मला माईक दिला की काय होतं ते तू जाणतेस. वह्या पिशवीत होत्या. मी ते पान वाचलं. नाव घेतलं नाही, गाव सांगितलं नाही. शिट्ट्या बंद पडल्या. संपल्यावर टाळ्या थांबेनात. आणि तिसऱ्या रांगेतून एक माणूस उठला, डोक्यावर टोपी ठेवली आणि चालत गेला.

दुसऱ्या दिवसापासून शिवकन्या कॉलेजात नाही. तिला तुमच्या तामलवाडीत तिच्या मामाकडं, आण्णासाहेबांकडं, नेऊन ठेवली आहे. मी दोनदा वीरप्पांकडं जाऊन आले. पहिल्यांदा दारच उघडलं नाही. दुसऱ्यांदा त्यांनी ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, 'मॅडम, तुमी नाव घेतलं न्हाय, ते खरं हाय. पण माझं ताट समद्या गावाला दावलंत.'

मी काही बोलणार तर हात वर करून म्हणाले, 'चार वर्सं म्या समजत हुतो, बायको बोलत नसली तरी आतून माया हाय. गरम हाय तवर जेवा म्हणती. ते बी पोरगीच बोलत हुती व्हय.'

अकरा फेब्रुवारीला पहिला पेपर आहे. तिचं हॉलतिकीट आणि वही या पाकिटात घातली आहे. मी स्वतः येत होते, पण आण्णासाहेब फोनवर म्हणाले, 'तुमी यिऊ नका मॅडम. तुमी आलात की भाषण हुतंय.' तू त्यांच्याकडं वाकळा शिवायला जातेस. त्या घरात तुझ्या शब्दाला वजन आहे. पोरीला हे दे आणि परीक्षेला बसव. तिचं वर्ष मी वाया जाऊ देणार नाही, त्यासाठी मला कुणाच्याही दारात उभं राहावं लागलं तरी चालेल. तुझ्याही.

तू माझ्यावर का रुसलीस ते मला नीट कळलेलं नाही. पण तो विषय आत्ता नको.

तुझी,
चांगुणा


लोहारा,
२९ जानेवारी २०२५

अक्का,

तुझं पत्र काल आलं. पाकिटावरचं अक्षर बघून मी पोस्टमनसमोरच जिन्यावर बसले. आठवीपर्यंतच शिकलेल्या बाईचं अक्षर माझ्या अर्ध्या स्टाफपेक्षा वळणदार आहे.

चारच ओळी लिहिल्यास. 'हॉलतिकीट पोचलं. जाईन. पण कोरी पानं भरावीत म्हणून पोरांना तू काय कबूल केलं होतंस ते पत्रात नाही. आपल्या अंगणात काय झालं ते तुला आठवतं का, का भाषणातलंच आठवतं? खरं लिही, मग जाते.'

तुझ्या पत्राचं उत्तर मी तीनदा लिहून फाडलं. तिन्ही वेळा ते भाषण झालं. 'आपल्या समाजात बाईच्या शब्दाला' असं काहीतरी. आता सरळ लिहिते.

जूनमध्ये, उजवी पानं कोरी येत होती तेव्हा, मी वर्गाला कबूल केलं होतं: उजवं पान मी एकटी वाचीन, माझ्याशिवाय कुणीही नाही. खडूनं फळ्यावर लिहून खाली सही केली होती. त्या सहीवर विश्वास ठेवून पोरांनी लिहिलं. आणि मी ते पान आठशे माणसांपुढं वाचलं. पाहुणे उशिरा आले म्हणून नाही. गर्दी आवरायची होती म्हणूनही नाही. गर्दी एका विनोदावर आवरली असती. ते पान फार चांगलं होतं आणि माझ्या आवाजात ते आणखी चांगलं वाटेल, हे मला कळलं म्हणून. पहिल्या पत्रात हे मी लिहिलं नाही. नाव घेतलं नाही, हे मात्र लिहिलं.

आता अंगणाचं.

मला आठवतं. मी आठ वर्षांची होते, तू तेरा. गुरुजींनी तुम्हाला 'माझी आई' हा निबंध दिला होता. बाकीच्यांनी गुरुजींनी सांगितलेल्या दहा ओळी उतरवल्या. तू खरं लिहिलंस. आई सकाळी तोंडावर पदर का ओढते, नळावर सगळ्यात शेवटी का जाते, दादा घरी आले की आधी भांडी का उचलून ठेवते. गुरुजींनी त्यावर लाल शाईनं 'फार छान' लिहिलं होतं. तू ती वही कणगीमागं ठेवली होतीस. मला तेव्हा नुकतं घडाघडा वाचता यायला लागलं होतं. मी भिंतीवरच्या पाट्या वाचायची, साबणाच्या वेष्टनावरचं वाचायची. त्या रविवारी दादांकडं चार माणसं आली होती. कुणीतरी म्हणालं, 'लिंबाजी, तुझी धाकली पोरगी लई वाचती म्हनं.' मी आत पळाले आणि तुझी वही घेऊन आले. बाजेवर उभी राहून वाचलं. सगळं. शेवटच्या ओळीपर्यंत. मधे तू दारात येऊन उभी राहिलीस, मान हलवून 'नको, नको' करत होतीस. मी ते पाहिलं होतं, अक्का. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की पाहिलं नव्हतं.

मी थांबले नाही, कारण माणसं ऐकत होती.

दादा ओरडले नाहीत. मारलंही नाही. नुसतं म्हणाले, 'जी घरचं कागदावर मांडती, तिला साळा बास.' दुसऱ्या दिवशी तू आईबरोबर खुरपायला गेलीस. आणि मी तुझ्या दप्तरातून पट्टी काढून घेतली.

पुढं मी बोलायला लागले. गावोगाव, जयंतीला, मेळाव्यांना. लोकांना ऐकायला एक अक्का हवी होती. मी सांगायला लागले की पुढची शाळा लांब होती, मुलीच्या जातीला कोण पाठवतंय, माझ्या अक्कानं आपली शाळा मला दिली. बायका डोळे पुसायच्या. दादा गेले, आई गेली, खोडून काढायला कुणी उरलं नाही. तू सोडून. आठ वर्षांपूर्वी तुळजापूरच्या मेळाव्यात मी तुला गर्दीत पाहिलं आणि माईकवरून म्हणाले, 'ती बघा माझी अक्का! उभी राहा अक्का!' टाळ्या पडल्या. तू उभी राहिलीस आणि तशीच चालत बाहेर गेलीस. वीरप्पा जसे गेले तशीच.

का रुसलीस ते मला कळलं नाही, असं मी पहिल्या पत्रात लिहिलं. ते खोटं आहे.

हे लिहिल्याबद्दल मी माफी मागत नाही. माफी मागितली की ऐकणाऱ्यावर ती देण्याची जबाबदारी येते. तू काही देऊ नकोस. पण त्या पोरीकडं जा. तिला सांगायला माझ्याकडं आता एकही शब्द नाही. तुझ्याकडं असेल.

चांगुणा


लोहारा,
२३ फेब्रुवारी २०२५

प्रिय अक्का,

सप्रेम जयभीम.

शिवकन्या परीक्षेला बसली. चार पेपर झाले, मराठीचाही झाला. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील.

तुझ्याकडचं तुला माहीत आहे. इकडचं सांगते. पाच तारखेला वीरप्पा स्वतः कॉलेजात आले. मी उभीच राहिले. ते खुर्चीवर बसेनात. म्हणाले, 'मॅडम, पोरगी घरात न्हाय. निरोप न्यायला कोण न्हाय. म्हैनाभर घरात नुसती भांडी वाजत हुती. परवा बायको ताट घिऊन म्होरं आली. चार वर्सांनी पहिलं वाक्य काय बोलली, म्हाईत हाय का?'

मी म्हणाले, 'नाही.'

'गिळा आता.'

मला हसावं की नको कळेना. तर तेच हसले. 'पण माझ्याकडं बघून म्हणाली. म्या म्हणलं, मीठ लई हाय. तर म्हणाली, असंल, जेवायचं तर जेवा न्हायतर कुत्र्याला घाला. मग म्या जेवलो. मग ती म्हणाली, पोरीला आणा.'

दोघं नवराबायको तामलवाडीला गेले. तुला वाटलं असेल, मीच त्यांना धाडलं. नाही. बानूबाईंनी, म्हणजे शिवकन्येच्या आईनं, धाडलं. आणि पोरगी 'येत नाही' म्हणाली, हे ऐकून मात्र मी हबकले. मी समजत होते की बापानं तिला अडवलं आहे. बापानं कधीच सोडलं होतं. अडली होती ती स्वतः. 'मी परत काही लिहिणार न्हाय, पेपर बी न्हाय,' म्हणाली म्हणे. म्हणजे अंगणातल्या बाजेवर उभं राहून मी दुसऱ्यांदा एक वही बंद केली होती.

पुढचं मला शिवकन्येनं सांगितलं, तिला वाटलं तेवढंच. तू दोन दिवस त्यांच्या ओट्यावर वाकळ शिवत बसलीस आणि परीक्षेचं नाव काढलं नाहीस. तिसऱ्या दिवशी तिला सुईत दोरा ओवायला लावलंस आणि म्हणालीस, 'माझी वही एकदा वाचली गेली, तर म्या अडतीस वर्सं लिहिलं न्हाय. ह्यात वाचणारीचं काय गेलं? ती तर मॅडम झाली.'

अक्का, माझ्यावर आजवर वर्तमानपत्रांतून टीका झाली, सभेतून घोषणा झाल्या. एवढं नेमकं कुणी बोललं नव्हतं.

आणि मग तू तिची वही घेतलीस आणि वाकळेच्या जाड दोऱ्यानं तिची सगळी उजवी पानं कडेनं शिवून टाकलीस. 'आता लिही. उसवायची का न्हाय ते तू ठरव.' दहा तारखेला तू तिला तुळजापुरापर्यंत आणून लोहाऱ्याच्या गाडीत बसवलंस आणि माघारी गेलीस. मी इथल्या स्टँडवर दोन जणींची वाट बघत होते. एकच उतरली. तिच्या हातात ती वही होती, टाके तिरके, पण पक्के.

प्राचार्यांचं सांगायचं राहिलं. त्यांनी मला बोलावून म्हटलं, 'मॅडम, हे उजव्या पानाचं झंगट बंद करा. जुन्या वह्या उतरवू द्या. कुणाला त्रास नाही.' मी म्हणाले, 'सर, चूक पानाची नाही, माझी आहे. मला नोटीस द्या, पान बंद होणार नाही.' नोटीस दिली. मी सही करून घेतली. पोरांनी खरं लिहावं की नाही, हा प्रश्न माझ्या एका चुकीमुळं निकालात निघत नाही. उलट आता मी त्याला जास्त बांधील आहे. पुढच्या जूनपासून अकरावीलाही सुरू करणार आहे. फळ्यावर सही करणार नाही. सुई आणि दोरा टेबलावर ठेवीन. ज्याला पान शिवायचं त्यानं शिवावं. शिवलेल्या पानालाही पूर्ण गुण. लिहिलंय की नाही ते कळतं, शाई पाठीमागं उमटते. शिवकन्येला मी वीसपैकी अठरा दिले. दोन कापले ते डाव्या पानासाठी. धड्याबद्दल तिनं फारच थोडं लिहिलं होतं. तिनं हुज्जत घातली. मला फार बरं वाटलं.

वर्गापुढं मी कबुली दिली. शिवकन्या हजर असताना, तिला आधी विचारून. दोन वाक्यांत. तिसरं वाक्य जिभेवर आलं होतं. गिळलं.

आठ मार्चला तुळजापूरच्या त्याच मेळाव्याचं बोलावणं आहे. संयोजक बाई फोनवर म्हणाल्या, 'तुमची ती अक्काची गोष्ट नक्की सांगा हं, बायकांना फार आवडते.' मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. मला तिथं एकच वाक्य बोलायचं आहे: मी इतकी वर्षं सांगितलेली ती गोष्ट खोटी होती, आणि खरी गोष्ट माझी नाही. पण हेसुद्धा तुझ्याबद्दलचंच वाक्य झालं, म्हणून तुला विचारते. हो म्हणालीस तर बोलेन. नको म्हणालीस तर घोटभर पाणी पिऊन पुढच्या मुद्द्यावर जाईन, आणि पुन्हा कधीही कुठल्याही स्टेजवर तुझं नाव येणार नाही. काहीच कळवलं नाहीस तर ते नको समजेन. निरोप गौरीकडून मात्र धाडू नकोस. पोर फार गोड बोलते. 'दगदग करू नका' हे आठ वर्षं कोण म्हणत होतं, ते मला शिवकन्येचं पान वाचलं त्याच दिवशी कळलं होतं. तिला रागावू नकोस.

आता शेवटचं.

परवा तुझं पार्सल आलं. मला वाटलं चटणी असेल. वही निघाली. शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची. वर नाव नाही. चारी बाजूंनी शिवलेली, वाकळेच्या दोऱ्यानं, बोट घालायलासुद्धा जागा नाही. सोबत चिठ्ठी नाही. मी ती उजेडाकडं धरली नाही. मोजली नाही, दाबून पाहिली नाही. पण हातात घेताना पाठीमागच्या पुठ्ठ्याजवळ शेवटच्या पानाची कड दिसली. तिथं शाई उमटली होती. म्हणजे तू शेवटपर्यंत लिहिलं आहेस.

वही माझ्या टेबलावर आहे, सुईशेजारी. टेबलावर कात्री होती, ती मी स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. कॉलेजातले एक सर घरी आले होते, त्यांनी विचारलं, 'मॅडम, हे काय?' आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला तुझ्याबद्दल विचारलं आणि मी म्हणाले, 'माझ्या बहिणीची वही आहे.' आणि थांबले.

तू सांगेपर्यंत न उसवणारी,
तुझी धाकटी
चांगुणा